ग्राहकांना पाठवलेल्या मेलला उत्तर का येत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला तुमचं कार्यालय आहे, म्युच्युअल फंड वितरक म्हणून तीन वर्षं झाली, एकशेचाळीसच्या आसपास ग्राहक आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांना एक मेल जातो, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी एक पोस्ट जाते, आणि परत काहीच येत नाही. ना उत्तर, ना फोन. तुम्ही विचारलंय की मेल पाठवायचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, विषयाची ओळ कशी लिहावी, चॅटजीपीटीकडून मजकूर लिहून घेतला तर चालेल का, आणि महिन्याला किती मेल पाठवावेत. सोबत मागच्या महिन्याचा मेलही दिलाय.

चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी त्या मेलबद्दल. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे व्याजदर, कच्च्या तेलाचा भाव, निफ्टीचा महिन्याचा चढउतार आणि शेवटी ‘दीर्घकालीन दृष्टिकोन ठेवा’. माहिती चुकीची नाही. पण हा मेल मिरजेतल्या निवृत्त मुख्याध्यापिकेने उघडला, तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याने उघडला किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या फोरमनने उघडला, तरी तिघांच्या मनात येणार एकच: मग मी आता काय करू? याचं उत्तर त्या मेलमध्ये शोधून सापडत नाही. पुढच्या महिन्यात तुमचं नाव दिसलं की ते मेल न उघडताच पुढे जातात. विषयाची ओळ कितीही चांगली लिहिलीत तरी हे बदलणार नाही, कारण अडचण त्याच्या आधीची आहे. हा मेल कोणासाठी लिहायचा हे लिहिण्यापूर्वी ठरलेलंच नाही.

मी २००४ पासून याच शहरात हे काम करते. सुरुवात विम्यापासून केली, मग फंडांकडे वळले, आणि गेली काही वर्षं जिल्ह्यातल्या चार-पाच वितरकांची पत्रंही लिहून देते. तेव्हा पुढचं सगळं माझ्या अनुभवातून आलेलं आहे असं समजा. तुमचे ग्राहक कोण आहेत यावर बरंच काही अवलंबून राहील. माझ्याकडे पगारदार, डॉक्टर, निवृत्त शिक्षक आणि त्यांची पुण्याला आयटीत असलेली मुलं मेल नीट वाचतात. व्यापारी आणि शेतकरी मेल वाचत नाहीत. त्यांना तोच मजकूर व्हॉट्सॲपवर, आणखी निम्मा करून, द्यावा लागतो. त्यामुळे मी ‘पत्र’ म्हणते तेव्हा दोन्ही धरा.

आता पहिलं काम. एक्सेल उघडा आणि प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे एक नवा रकाना करा: पैसा हातात कधी येतो. वय, उत्पन्न, जोखमीची तयारी हे तुमच्याकडे फॉर्मवर असेलच. हा रकाना मात्र सहसा कोणी करत नाही, आणि आपल्या भागात तोच सगळ्यात कामाचा आहे. हळद निघते, शिजते, पॉलिश होऊन मार्केट यार्डात येते, तेव्हा साधारण फेब्रुवारी उजाडतो. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो, पण बराचसा कोल्ड स्टोरेजमध्ये जातो आणि वर्षभर सौद्यात निघत राहतो. म्हणजे दोन बेदाणा उत्पादकांकडे एकाच महिन्यात पैसा येईलच असं नाही. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यावी असा नियम आहे, पण तुमच्या ग्राहकाला पहिला हप्ता नक्की कधी पडला हे त्यालाच विचारा. विट्याकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी, कुटुंबं बाहेरच्या राज्यांत असतात. ती गावी येतात दिवाळीला नाहीतर जत्रेला, आणि घरच्या सगळ्यांशी एकत्र बोलायला तेवढेच दिवस मिळतात. मिरजेतले डॉक्टर आगाऊ कर भरतात जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधरा तारखेला, आणि जे अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने (जमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून) भरतात त्यांचा सगळा कर एकदम १५ मार्चलाच जातो. त्या डॉक्टरला दहा मार्चला ‘एकरकमी गुंतवणुकीची संधी’ असं पत्र गेलं, तर या माणसाला आपली काहीच माहिती नाही एवढंच त्याला कळतं.

तसंच ते जानेवारी आलं की सगळ्यांना जाणारं ‘८०सी मध्ये कर वाचवा’. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि तिच्यात ही वजावटच मिळत नाही. नव्या प्रणालीतल्या माणसाला तुम्ही कर वाचवायला म्हणून तीन वर्षं पैसे अडकणारा ईएलएसएस फंड सुचवलात, तर त्याचा जो सीए आहे तो हसेल आणि तुमचा ग्राहक कायमचा शंका घेईल. आधी कोण कुठल्या प्रणालीत आहे ते विचारा. ते विचारणारं दोन ओळींचं पत्रसुद्धा चांगलं पत्र आहे, आणि त्याला उत्तर येतं.

आता एक पत्र जवळून बघू. तुमच्याकडून गेल्या वर्षी गेलेला एक मेल तुम्ही प्रश्नात उल्लेखला आहे, विषय ‘महत्त्वाची सूचना: नामनिर्देशन अद्ययावत करणेबाबत’. एकशेचाळीस जणांना गेला आणि तिघांनी काम केलं. मी याच कामासाठी एका निवृत्त मुख्याध्यापिकेला लिहिलेलं पत्र असं होतं (फोलिओ म्हणजे फंडातलं खातं):

विषय: मॅडम, एका फोलिओला नॉमिनी राहिला आहे

नमस्कार मॅडम,
तुमचे तीन फोलिओ काल तपासले. २०११ साली उघडलेल्या फोलिओला नॉमिनी नाही. बाकीच्या दोन्हींना तुमच्या मुलीचं नाव आहे. २०११ ला फॉर्मवरचा तो रकाना रिकामा राहिला होता.
नॉमिनी नसला तर पुढे घरच्यांना कागदपत्रं जास्त लागतात आणि महिने जातात.
काम पंधरा मिनिटांचं आहे. ओटीपीसाठी तुमचा मोबाइल आणि ज्यांचं नाव द्यायचं त्यांची जन्मतारीख लागेल.
गुरुवारी मी मिरजेत आहे. सकाळी अकराला येऊ का? नुसतं ‘या’ लिहिलंत तरी चालेल.

तासाभरात उत्तर आलं: ‘या. येताना त्या एफडीचंही बघू.’

यात लिखाणाची करामत काही नाही. पण प्रत्येक ओळ का आहे ते सांगते. विषयाच्या ओळीत गोष्ट पूर्ण सांगितली आहे, कारण मोबाइलवर पाच-सहा शब्दांपुढचं दिसतच नाही, आणि ‘महत्त्वाची सूचना’ हे दोन शब्द आधी लिहिले की ती जागा फुकट गेली. फंडाचं नाव, रक्कम मात्र विषयात कधीच लिहायची नाही. फोन टेबलावर पडलेला असतो, नातवंडं बघतात, शेजारचे बघतात. ‘२०११ साली’ लिहिल्यामुळे मी खरंच कागद पाहिलेत हे त्यांना कळलं. तोटा एका वाक्यात सांगितला, भीती घातली नाही. काय काय हाताशी ठेवायचं ते सांगितलं, म्हणजे ‘सवडीने बघू’ म्हणायला कारण उरलं नाही. आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. पत्रात दोन प्रश्न विचारलेत की माणूस दुसऱ्याचा विचार करून उत्तर देऊ म्हणतो आणि पहिलाही राहतो.

शब्दाबद्दलही एक. बरेच जण सोपं करायला ‘वारस नोंद’ लिहितात. तसं लिहू नका. नॉमिनी आणि वारस कायद्याने एक नाहीत. नॉमिनीच्या हातात पैसा येतो तो बऱ्याचदा वारसांच्या वतीने, आणि शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. सोपं लिहायच्या नादात चुकीचं लिहिलं तर उद्या दोन भावांच्या भांडणात तुमचं पत्र पुढे केलं जाईल. ‘नॉमिनी’ हा शब्द आपल्याकडे बँकेमुळे सगळ्यांना माहीत आहे. तोच ठेवावा. उलट ‘व्होलॅटिलिटी’, ‘ॲसेट ॲलोकेशन’ हे शब्द घरात कोणी बोलत नाही. तिथे ‘चढउतार’, ‘कुठे किती ठेवायचं’ असं लिहा. द्राक्षवाल्या शेतकऱ्याला मी सगळा पैसा एका दिवशी न घालता टप्प्याटप्प्याने का घालायचा हे सांगताना एवढंच लिहिते: ‘तुम्ही सगळ्या बागेची फळछाटणी एकाच तारखेला घेत नाही.’ पावसाच्या भीतीने तो छाटण्या मागेपुढे घेतोच, त्यामुळे पुढचं त्याचं त्याला समजतं. पण ज्या शेतीची तुम्हाला खरी माहिती नाही, तिची उपमा वापरू नका. चुकली तर लगेच उघडी पडते.

आता बाजार पडतो तेव्हाच्या पत्राबद्दल, कारण आपल्या कामात लिखाणाचा खरा कस तिथे लागतो, आणि माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला. संध्याकाळी मी सगळ्या ग्राहकांना मेल केला, विषय: ‘बाजारात ऐतिहासिक घसरण, घाबरू नका.’ खाली अकरा परिच्छेद. २००८ मध्ये काय झालं होतं, नंतर बाजार कसा सावरला, सगळं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. ज्यांनी टीव्ही लावलाच नव्हता, जे घरी कोरोनाच्याच काळजीत होते, त्यांना घसरणीची बातमी माझ्याकडून कळली. ‘घाबरू नका’ वाचून माणूस आधी घाबरतो आणि मग आपण कशाला घाबरायचं ते शोधतो. त्या आठवड्यात नऊ जणांनी एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरलेली गुंतवणूक, थांबवली. त्यातल्या चौघांनी ती पुन्हा सुरू करेपर्यंत बाजार बराच वर गेला होता. त्यातल्या एक बाई, भाजीचा गाडा चालवून दोन हजारांची एसआयपी भरणाऱ्या, अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांचं नुकसान बाजाराने केलं नाही, माझ्या मेलने केलं.

तेव्हापासून घसरणीचं पत्र मी बाजार चढलेला असताना लिहिते. सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर होता, सगळे खुशीत होते. त्या वेळी प्रत्येकाला त्याच्या आकड्यांसह लिहिलं: ‘आज तुमचे दहा लाख दिसताहेत. यातले इक्विटीचे पैसे कधीतरी दोन-अडीच लाखांनी कमी दिसतील. कधी, ते सांगता येणार नाही. त्या दिवशी आपण काय करायचं हे आज ठरवून ठेवू. थांबायचं, की काही काढायचं? तुमच्या शब्दांत लिहून पाठवा, मी जपून ठेवते.’ उत्तरं छान आली. एका ग्राहकाने लिहिलं, ‘मुलीचं लग्न २०२९ ला आहे, तोपर्यंत हात लावू देऊ नका.’ दुसऱ्याने लिहिलं की दोन लाखांची घट त्याला झोपू देणार नाही. त्याचा इक्विटीचा हिस्सा आम्ही तेव्हाच, चढत्या बाजारात, कमी केला. मार्च २०२५ च्या सुरुवातीला सेन्सेक्स ७३ हजारांच्या आसपास आला, तेव्हा मी नवीन काहीच लिहिलं नाही. ज्यांचे फोन आले त्यांना त्यांचंच उत्तर तारखेसह परत पाठवलं. माझ्या समजावण्यापेक्षा त्यांचं स्वतःचं वाक्य त्यांना जास्त पटलं. या वेळी एकाच माणसाने एसआयपी थांबवली, तीही नोकरी गेली म्हणून.

नव्या ग्राहकांसाठीच्या मजकुराकडे वळू. तुमची ती पोस्ट पाहिली: ‘दरमहा १०,००० भरा, २० वर्षांत एक कोटी मिळवा.’ हिशेब बरोबर आहे, पण तो वर्षाला १२ टक्के धरला तर. तेच ८ टक्क्यांनी धरलं तर ५९ लाखांच्या आसपास होतात. आणि महागाई ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या एक कोटीची आजची किंमत साधारण ३१ लाख भरते. ‘मिळवा’ या शब्दात हे काहीच सांगितलेलं नाही. तो शब्द खात्री देतो, आणि परताव्याची खात्री देणं वितरकाला नियमाने मना आहे. नियम बाजूला ठेवला तरी आपल्या जिल्ह्यात दामदुप्पट योजनेत किंवा पतसंस्थेत पैसे अडकलेलं घर शोधायला लांब जावं लागत नाही. त्या घरातल्या माणसाला मोठा आकडा दाखवला की तो आकर्षित होत नाही, सावध होतो. मी हा हिशेब पोस्टवर टाकत नाही. समोर बसून, तिन्ही आकडे एका कागदावर लिहून दाखवते. ज्याने ३१ लाखांचा आकडा पाहून सुरुवात केली, तो टिकतो.

नियमांचं थोडक्यात सांगते, कारण लेटरहेडवर तुम्ही ‘गुंतवणूक सल्लागार’ लिहिलंय. ते आजच काढा. सल्लागार हे सेबीकडे, म्हणजे बाजाराच्या नियामकाकडे, वेगळी नोंदणी असलेल्यांनीच लावायचं असतं. तुम्ही ‘ॲम्फी-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक’ आणि सोबत एआरएन क्रमांक लिहा (ॲम्फी ही फंड कंपन्यांची संघटना, एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक). कुठल्याही योजनेबद्दलचं साहित्य फंड हाउसने दिलेलंच वापरायचं. स्वतः बॅनर करून त्यावर फंड हाउसचं नाव किंवा लोगो टाकायचा असेल तर त्यांची लेखी परवानगी लागते. बाजारातील जोखमीचं ठरलेलं वाक्य वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा. हे वाचणारं कोणी सीए असेल तर त्यांनी माझं ऐकू नये. सीएंसाठीच्या १९४९ च्या कायद्याने त्यांच्यावर काम मागण्याबाबत निराळी बंधनं आहेत, त्यांनी आपल्या संस्थेचे नियम पाहावेत.

मग लिहायचं काय, असं तुम्ही विचाराल. लोक तुम्हाला समोर जे विचारतात तेच. मी कार्यालयात एक वही ठेवली आहे, ग्राहकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून घेते. ‘एसआयपीचा हप्ता चुकला तर दंड लागतो का?’ ‘नवरा गेल्यावर जॉइंट खात्यातल्या फंडाचं काय?’ ‘मुलगा परदेशी गेला, त्याची केवायसी बदलायची का?’ एक प्रश्न, दीडशे शब्दांत उत्तर, खाली नाव आणि एआरएन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं होतं की फंड हाउस दंड लावत नाही, पण खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर बँक शुल्क लावू शकते, आणि लागोपाठ हप्ते चुकले तर एसआयपी बंद होते. ते व्हॉट्सॲपवर इतकं फिरलं की कवठे महांकाळहून एक अनोळखी गृहस्थ ते छापून घेऊन आले होते.

रोजच्या सुप्रभात पोस्ट बंद करा. ग्राहकाने तुम्हाला म्यूट करून ठेवलंय, आणि ज्या दिवशी खरंच काम असेल त्या दिवशीही तुम्ही म्यूटच असाल. सणाला शुभेच्छा द्यायच्याच असतील तर पंधरा-वीस जणांना फोन करा.

आता राहिलेले प्रश्न. सॉफ्टवेअर: एकशेचाळीस लोकांसाठी जीमेल आणि मेल मर्ज (यादीतल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने वेगळा मेल पाठवायची सोय) पुरेसं आहे. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाला पाचशे लोकांपर्यंत मेल जातात. फक्त सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असा मेल कधी पाठवू नका. माझ्या ओळखीच्या एका वितरकाने घाईत नव्वद जणांना तसा पाठवला आणि एका ग्राहकाने ‘माझं नाव तुमच्या यादीत आहे हे माझ्या व्याह्यांना कळलं’ म्हणून खातं हलवलं. मजकूर चित्रात घालून पाठवू नका, चित्र उघडलं नाही तर पत्र कोरं जातं. किती जणांनी मेल उघडला या आकड्यावरही फार विसंबू नका. आयफोनवर २०२१ पासून अशी सोय आहे की माणसाने मेल पाहिला नाही तरी उघडल्यासारखा मोजला जातो. उत्तरं किती आली तेवढं मोजा.

चॅटजीपीटीकडून कच्चा आराखडा घ्यायला माझी हरकत नाही. पण ग्राहकाचं नाव, पॅन, होल्डिंग त्यात टाकायचं नाही, आणि करासंबंधी प्रत्येक आकडा स्वतः तपासायचा. मराठी मजकूर तर मोठ्याने वाचूनच पाठवा. ‘आपल्या आर्थिक प्रवासात आम्ही आपल्यासोबत आहोत’ हे वाक्य तुम्ही मॅडमच्या दिवाणखान्यात बसून तोंडाने म्हणू शकाल का? म्हणू शकणार नसाल, तर काढून टाका.

आणि महिन्याला किती? सगळ्यांना मिळून एकही नाही, अशी सुरुवात करा. पुढचे तीन महिने रोज सकाळी कार्यालय उघडल्यावर, बाजार सुरू व्हायच्या आधी, पैसा कधी येतो त्या रकान्यात बघून दोघांनाच लिहा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन महिन्यांत एकशेचाळीस जण होऊन जातात. ज्यांच्याबद्दल लिहायला तुम्हाला काहीच सुचणार नाही, त्यांची वेगळी यादी करा. माझ्या पहिल्या यादीत अडतीस नावं होती. त्यांना पत्र न लिहिता मी आधी भेटायला गेले.